डोंगरातल्या वृद्धांची तपासणी त्यांच्या वाडीवर व्हावी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सातारा जिल्ह्यातील जावळी, महाबळेश्वर आणि पाटण तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात आरोग्य खात्याची नोकरी करून मी निवृत्त झालो. या भागातली तरुण माणसे माथाडी कामासाठी मुंबई-नवी मुंबईला गेली आणि वाड्यांवर मागे राहिले ते बहुतांशी साठीच्या पुढचे लोक. शासन ज्या रीतीने त्यांच्या प्रकृतीची नोंद घेते, त्या रीतीत त्यांची खरी अडचण सापडत नाही, म्हणून हे पत्र.

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तक्ता आशाताई भरतात, त्यात ज्येष्ठांसाठी वेगळे प्रश्न आहेत : उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत कुणाची मदत लागते का, नावे विसरायला होतात का. प्रश्न योग्यच आहेत, पण डोंगरात त्यांची उत्तरे फसवी येतात. एका वाडीवर सत्तरी ओलांडलेल्या आजींना मदतीबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "न्हाई बा, माझं मी करते." तक्त्यात 'नाही' अशी नोंद झाली. नंतर बोलता बोलता कळले, की गुडघ्यांमुळे त्यांनी पाणवठ्याची उतरण केव्हाच सोडली होती. शेजारीण आणून देई त्या हंडाभर पाण्यात त्या स्वयंपाकापासून धुण्यापर्यंत सगळे भागवत. रात्री अंधारात बाहेर जावे लागू नये म्हणून दिवेलागणीनंतर पाणी पीत नसत आणि रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत, कारण गोळ्या संपल्या तर आणायला खाली जाणार कोण? अंघोळ, कपडे, शौच, उठबस, जेवण हे ज्याचे त्याला जमते का, एवढेच पाहिले तर या आजी पूर्ण स्वावलंबी ठरतात.

माणसाने झेपत नाही ते काम सोडून दिले, की त्याची मदतीची गरजही कागदावरून नाहीशी होते. म्हणून काय जमते यासोबत गेल्या वर्षभरात काय सोडले, हेही विचारले पाहिजे : पाणी, सरपण, रेशन, एसटीच्या थांब्यापर्यंतची चढण, देवळात जाणे, रात्री घरात सोबत कोण असते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या तपासणीत स्मरण, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती पाहिली जाते. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठणे 14 सेकंदांत जमते का, ही त्यातली चाचणी समुदाय आरोग्य अधिकारी सहज घेऊ शकतात. धनगरवाड्यावर खुर्ची असेलच असे नाही, ती सोबत न्यावी लागेल.

2017-18 च्या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणाने राज्यांचे चित्र दिले, पण एखाद्या डोंगरी तालुक्याची स्थिती त्यावरून कळत नाही. डोंगरी भागासाठी उपकेंद्राचा निकष 5,000 ऐवजी 3,000 लोकसंख्येचा आहे, ही सवलत मोलाची आहे. तरीही ती माणसे मोजते, अंतर मोजत नाही. शिवसागर जलाशयापलीकडच्या वस्तीला लाँचने जावे लागते आणि पावसाळ्यात धुके, ओढे व दरडी यांमुळे वाट कधी बंद होईल याचा भरवसा नसतो.

आपणास विनंती आहे, की डोंगरी तालुक्यांत साठीवरील प्रत्येकाची तपासणी वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, घरी जाऊन करावी. पहिल्या फेरीत रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पावसाळाभर पुरतील इतक्या गोळ्या द्याव्यात. आशाताईंना या पायपिटीचा वेगळा मोबदला मिळावा. तो वस्तीच्या अंतरावर ठरावा, कारण चार घरांच्या वाडीसाठी अख्खा दिवस मोडतो आणि माणशी मोबदल्यात तो भरून निघत नाही. जे एकटे राहतात त्यांची यादी उपकेंद्रात असावी व त्यांच्या मुंबईतल्या मुलांचे फोन क्रमांक संमतीने त्यात नोंदवावेत. जावळी, महाबळेश्वर आणि पाटण येथे ही पहिली फेरी येत्या मे महिन्यात सुरू करण्याचा आदेश आपण द्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक, जि. सातारा