बॅटरी मेली की नुसती उतरली?

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं. गाडी चार महिने सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी, सेल्फ मारला की नुसतं टकटकटक, नव्या चार्जरचा लाल दिवा लुकलुकतोय आणि बॅटरीवाला म्हणतोय, "साहेब, मेली ही, नवी टाका." अरे, नवी उद्याही टाकता येईल. दोन वर्षांची बॅटरी इतक्या सहज भंगारात देऊ नकोस. त्या लाल दिव्यावरून तर मुळीच ठरवू नकोस.

आधी हिशेब बघ. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) हे सगळं मिळून थोडा करंट खातच असतं. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत ठीक समजतात. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. तुझ्या बॅटरीची क्षमता ३५ अँपिअर-अवर. पंधरा दिवसांत अर्धी उतरते, महिन्याभरात रिकामी. तू ठेवलीस चार महिने! गाडीत काही दोष नसतानाही ती बसणारच होती.

आता बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन साधा डिजिटल मल्टिमीटर घे. त्यात दहा अँपिअर डीसीचं वेगळं सॉकेट आहे ना, तेवढं बघ. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर व्होल्ट मोज. कॉलरवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या पकडीवर नको, खुंटीवरच, कारण दोन्हींच्या मधे पांढरा-हिरवा थर असला तर आकडा फसवतो. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. हे आकडे चार्जिंग थांबवून काही तास झाले असतील तरच खरे. नुकतीच चार्ज केलेली बॅटरी वरवरचा आकडा दाखवते. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद कर आणि मग मोज. बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा हिरवा डोळाही फार मनावर घेऊ नकोस. तो आतल्या सहा कप्प्यांपैकी, म्हणजे सेलपैकी, एकाचीच हकिकत सांगतो.

तुझा आकडा पाच-सहा व्होल्टच्या आसपास निघेल असं मला वाटतं, आणि लाल दिव्याचं मूळ तिथेच आहे. स्मार्ट चार्जर आधी बॅटरीचा व्होल्टेज बघतो. ठरावीक मर्यादेच्या खाली सापडला, की समोर बॅटरीच नाही किंवा ती खराब आहे असं धरून तो करंट सोडतच नाही. मर्यादा कंपनीगणिक वेगळी, पुस्तिकेत दिलेली असते. चिमट्या उलट्या लागल्या तरी हाच दिवा लागतो, तेव्हा तेही बघून घे. काही चार्जरना सक्तीने सुरू करायचं बटण असतं. ते नसेल आणि गाडीजवळ कोरड्यात प्लग असेल, तर शेजाऱ्याच्या गाडीची मदत घ्यावी लागेल. तिचं इंजिन बंद ठेव. जंपर केबलची लाल चिमटी आधी तुझ्या प्लसला, मग शेजाऱ्याच्या प्लसला. काळी आधी शेजाऱ्याच्या मायनसला, शेवटची चिमटी तुझ्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण ठिणगी उडते ती या शेवटच्या जोडणीत. मग चार्जर तुझ्या बॅटरीला लाव. आता त्याला बारा व्होल्ट दिसतील आणि तो कामाला लागेल. दहा-पंधरा मिनिटांनी केबल उलट क्रमाने काढ, चार्जर राहू दे. बॅटरी फुगली, हाताला गरम लागली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर सगळं बंद करून लांब हो. ती मग खरंच गेली.

चार्जिंगला करंट क्षमतेचा दहावा हिस्सा. तुझ्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. पूर्ण रिकामीला या दराने बारा-चौदा तास धर, शेवटचा टप्पा हळू भरतो. एक अँपिअरच्या चार्जरने दीड-दोन दिवस लागतील, पण चालेल. गाडी चालवून भरते हा समज मात्र सोड. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर जंप स्टार्ट करून कर्वे रोडच्या गर्दीत अर्धा तास हिंडलास तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, धड पाव भागही भरून देत नाही.

गाडीजवळ प्लग नसेल तर बेसमेंटच्या पाण्यातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढत नेऊ नकोस. बॅटरी काढूनच घरी आण, दहा-एक किलो आहे. काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना प्लस आधी. उलट केलंस आणि प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला, तर डोळ्यांदेखत शॉर्ट होईल. बाल्कनीत ठेव, देवघरातल्या समईपासून आणि गॅसपासून दूर, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा उघड्या पडल्यात का बघ. पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाल, खुणेपर्यंतचं पाणी चार्जिंग झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलंस तर चार्ज होताना बाहेर येतं. अ‍ॅसिड कधीही घालू नकोस. कॉलर-खुंट्यांवरचा थर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घास, कोरडं कर, जोडून झाल्यावर वरून व्हॅसलीन.

मग निकाल. चार्जर काढून रात्रभर तशीच ठेव आणि सकाळी मोज. १२.५ च्या वर टिकली तर शाबास. १०.५ च्या आसपास आली तर एक सेल शॉर्ट आहे, तिथे बॅटरीवाल्याचं म्हणणं खरं. १२.६ दाखवूनही भरवसा नाही, म्हणून गाडीला लावून मीटर जोडलेला ठेव आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. त्या क्षणी ९.६ च्या खाली जाता कामा नये. आठावर कोसळली तर आत प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसलाय. काही चार्जरना ते सोडवायचा मोड असतो. हलकं असेल तर फरक पडतो, जुनं असेल तर नाही. तो मोड वापरायचा तर बॅटरी गाडीतून सुटी केलेली हवी, कारण व्होल्टेज पंधराच्या वर जातो.

व्होल्टेज टिकतो आणि सेल्फला फक्त एकच जड 'टक्' येतो, तर बॅटरीला दोष नाही. सैल कॉलर, इंजिनची अर्थिंगची वायर, नाहीतर सेल्फची मोटर. गाडी सुरू झाली की पुन्हा मोज: १३.८ ते १४.५ हवं. हेडलाइट आणि एसी लावून साडेतेराच्या खाली घसरलं तर अल्टरनेटर किंवा बेल्ट बघ, पंधरा ओलांडलं तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीचं पाणी आटवेल.

बंद गाडीतली करंटची गळती मोजायची तर मायनस कॉलर काढून खुंटी आणि कॉलरच्या मधे मीटर दहा अँपिअरवर जोड. किल्ली लांब ठेव, दारं लॉक कर, अर्धा तास थांब, ईसीयू झोपायला तेवढा वेळ घेतात. मधे इग्निशन लावू नकोस, मीटरचा फ्यूज जाईल. ऐंशी-शंभर मिलिअँपिअर दिसले तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडेल त्या सर्किटात चोर. माझा पहिला संशय तुझ्या डॅशकॅमवर आहे, दुसरा बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर.

पुढच्या वेळी मुलाकडे जाशील तेव्हा सगळ्यात स्वस्त उपाय मायनस काढून जाणं. घड्याळ आणि काचांचं सेटिंग परत करावं लागेल, एवढंच. प्लग पॉइंट असेल तर मेंटेनन्स चार्जर, पण भरल्यावर साडेतेरा व्होल्टच्या आसपास फ्लोटवर, म्हणजे नुसतं टिकवून ठेवण्यावर येणारा. जुन्या पद्धतीचा नियंत्रण नसलेला ट्रिकल चार्जर महिनोन्‌महिने लावलास तर पंधरावर नेऊन पाणी उडवेल. तुझा कसा आहे ते बॅटरी भरल्यावर मीटरनेच कळेल. वहिनींच्या स्कूटरची बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची, तिला या चार्जरचा साडेतीन अँपिअर लावू नकोस, अर्धा अँपिअर पुरे. इंजेक्शनवाली आहे, त्यामुळे बॅटरी पुरती बसली तर किकनेही सुरू होईलच असं नाही.

सकाळचा व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा आणि गळतीचे मिलिअँपिअर, एवढे तीन आकडे मला कळव. नवी घ्यायचीच ठरली तर जुनी हातची सोडू नकोस, बायबॅकचे, म्हणजे जुन्या बॅटरीचे पैसे बिलात वळते करून घे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश