चाईवर हमखास इलाजाच्या जाहिराती छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खामगावात माझं सलून आहे. तुमचा अंक सकाळी येतो आणि दुपारपर्यंत बाकावर नंबर लावून बसलेल्या प्रत्येकाच्या हातून फिरतो. त्यातल्या केसांच्या जाहिराती लोक किती बारकाईनं वाचतात ते मी रोज बघतो. त्या जाहिरातींबद्दल लिहितोय, कारण मला स्वतःला चाई आहे. चाई म्हणजे केस गळून डोक्यावर किंवा दाढीत गुळगुळीत चट्टे पडणं. डॉक्टर तिला अॅलोपेशिया एरियाटा म्हणतात.

माझी चाई दाढीत सुरू झाली. हनुवटीखाली रुपयाएवढी जागा एकदम गुळगुळीत झाली. ना खाज, ना लाली, ना कोंडा. पुढं डोक्याच्या मागं दोन चट्टे पडले आणि डावी भुवई अर्धी गेली. आमच्या धंद्यात हे लपत नाही. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक आरशात स्वतःच्या आधी माझ्याकडं बघतं आणि म्हणतं, "ब्लेड नवीन लावजो बरं भाऊ." ब्लेड मी प्रत्येकाला त्याच्या डोळ्यांदेखत नवीनच लावतो. पण त्या बोलण्यामागची भीती मला कळते, आणि ती निराधार आहे. चाई वस्तऱ्यानं लागत नाही, कंगव्यानं नाही, टॉवेलनंही नाही. केसात किडा शिरून केस खातो ही समजूतही खरी नाही. आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांना परकं समजून त्यांच्यावर चालून जातात, म्हणून केस गळतो. जगात शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं, त्यात बाया, पुरुष, पोरं सगळे आले.

लागतो तो नायटा. डोक्यातला नायटा बुरशीचा असतो. तिथं पापुद्रे सुटतात, खाज येते, केस तुटून खुंट राहतात, आणि तो मशीननं, कंगव्यानं एका पोराकडून दुसऱ्याकडं जातो. त्याचं औषध वेगळं, चाईचं वेगळं. नायट्याला चाई समजून तेल चोळत बसलेले आणि चाईला नायटा समजून मलम फासत बसलेले, असे दोन्ही लोक माझ्याकडं येतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "दादा, याचा चकोट करून द्या, मग केस दाट येतात म्हणतात." मुलगा टोपी काढायला तयार नव्हता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं, तेव्हा त्यानं टोपी काढली. कानाच्या वर एक चट्टा आणि टाळूवर त्याहून मोठा. मी मोबाईलची बॅटरी लावून त्याच्या आईला चट्ट्याची कड दाखवली. तिथं अगदी आखूड केस होते, टोकाला जाड आणि मुळाशी बारीक. असे केस दिसले की चाई अजून पसरते आहे, असं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग त्याची नखं पाहिली. दोन बोटांच्या नखांवर सुई टोचावी तसे बारीक खड्डे. चाईत काहींना तेही होतं.

चकोट मी केला नाही. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, मुळापर्यंत तो पोचतच नाही. खुंट जाड लागतो म्हणून केस दाट आल्यासारखे वाटतात, एवढंच. बाईंना हे पटलं. पण मग त्यांनी पर्समधून घडी घातलेलं कात्रण काढलं. तुमच्याच पेपरातलं. 'चाई, टक्कल मुळापासून बरे. ९० दिवसांत केस, नाहीतर पैसे परत.' खाली फोन नंबर. त्यांनी फोन करून तेलाची आणि पुड्यांची किंमत विचारली होती आणि त्यासाठी भिशीचे पैसे उचलणार होत्या.

संपादक साहेब, औषध नियम १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांत अनुसूची 'जे' नावाची यादी आहे. त्या यादीतले आजार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. त्यात टक्कल आहे आणि नवीन केस उगवणंही आहे. म्हणजे जो दावा त्या बाटलीवर छापता येत नाही, तो तुमच्या पानावर छापून येतो. जाहिरात विभाग वेगळा असतो हे मला ठाऊक आहे. वाचणाऱ्याला मात्र पान एकच असतं. पेपरात आलं म्हणजे कुणीतरी तपासूनच छापलं असेल, असं तो धरून चालतो.

या जाहिराती चालतात त्याचं कारण चाईच्या स्वभावातच आहे. एक-दोन लहान चट्टे असतील तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआप येतात. त्या काळात कांदा चोळलेला असो, गुंज उगाळून लावलेली असो की ९० दिवसांचं तेल, श्रेय त्यालाच जातं. ज्याचे केस आले नाहीत तो लाजेनं गप्प बसतो. तो पैसे परत मागायला जात नाही, आणि पेपराला पत्रही लिहीत नाही.

आशेच्या विरोधात मी नाही. मी स्वतः त्याच आशेवर आहे, आणि तिला आधार आहे. चाईत केसाचं मूळ मरत नाही. कातडीवर व्रण पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं गुळगुळीत राहिलेल्या जागीही केस येऊ शकतो. मी अकोल्याला त्वचारोगतज्ज्ञांकडं जातो. ते चट्ट्यात बारीक सुईनं ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे थेंब थोड्या थोड्या अंतरावर सोडतात. दुखतं. दाढीत तर डोळ्यांत पाणी येतं. दर चार ते सहा आठवड्यांनी जावं लागतं. हनुवटीखालच्या चट्ट्यात आधी पांढरी लव आली, मग तिचे काळे केस झाले. डोक्यामागचा एक चट्टा भरला, दुसरा अजून तसाच आहे. भुवईत चार केस आलेत, सकाळी दाढी करताना ते बोटाला लागतात. एकाच माणसाच्या अंगावर एकाच औषधाचा गुण असा वेगवेगळा येतो. हमी कोण देणार?

ज्यांचं निम्म्याहून जास्त डोकं मोकळं झालंय त्यांच्यासाठी आता गोळ्या आहेत. जून २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब नावाच्या गोळीला या आजारासाठी मंजुरी मिळाली. दोन मोठ्या चाचण्यांत ४ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांपैकी तिघांत एकाहून थोड्या जास्त लोकांच्या डोक्यावर ३६ आठवड्यांत ८० टक्के किंवा अधिक केस आले. माझ्यासारख्याला हा आकडा फार मोठा आहे. पण बाकीच्यांना तेवढे आले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. गोळी बंद केली की पुष्कळांचे केस पुन्हा जातात. ती शरीराची प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. आपल्या भागात ती टाळून चालायचं नाही. अशी गोळी कुणी फोनवरून, रक्त न तपासता पाठवत असेल तर ते धोक्याचं आहे.

आणखी एक सांगायचं आहे. २०२५ च्या सुरुवातीला इथून जवळच, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले, तेव्हा बातम्यांत 'टक्कल व्हायरस' हा शब्द चालला. ती चाई नव्हती आणि व्हायरसही नव्हता. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथक आलं, महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात जास्त असलेल्या सेलेनियम या खनिजाकडं बोट दाखवलं. पण तोवर त्या शब्दानं काम केलं होतं. त्या गावांतला माणूस सलूनमध्ये आला की बाकावरचे लोक सरकून बसायचे, आणि माझी भुवई बघून मला विचारायचे, "तुमचं बी तेच व्हय का?" पुढच्या वेळी असं काही घडलं तर कारण कळेपर्यंत 'कारण शोधणं सुरू आहे' एवढंच छापा.

त्या मुलाची आई त्याला अकोल्याला घेऊन गेली. लहान वय म्हणून डॉक्टरांनी सुई न टोचता लावायचं औषध दिलं आहे आणि धीर धरायला सांगितलं आहे. एक चट्टा भरत आलाय. भिशीचे पैसे घरातच राहिले.

सप्टेंबर हा जगभर चाईच्या माहितीचा महिना म्हणून पाळतात. त्या महिन्यात एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून अर्धं पान लिहून घ्या. चाई आणि नायटा शेजारीशेजारी, फोटोसकट दाखवा. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात कुठल्या वारी जायचं तेही द्या. तालुक्यातल्या सलूनवाल्यांपर्यंत ते पान पोचवायची जबाबदारी माझी. आणि ९० दिवसांची ती जाहिरात पुन्हा आली, तर छापण्याआधी त्यांच्याकडं परवान्याचा कागद मागा.

आपला,
एक सलूनचालक, खामगाव, जि. बुलढाणा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)