गाठींचे काम हिशेबात कधी धरणार?

महोदय,

खरीप तोंडावर आला की डीएपी खताची टंचाई आणि लिंकिंग (खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारणे) यांवर रान उठते. जमिनीत फुकट तयार होणाऱ्या खताबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्याची पावती नसते.

सोयाबीनचेच घ्या. क्विंटलभर दाण्यात साधारण ६ किलो नत्र असते. एकरी ८ क्विंटलचा उतारा धरला तर ४८ किलो. त्यातले निम्मेच मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियम जिवाणूंनी हवेतून ओढले असे धरा. तेही युरियाच्या गोणीहून जास्त भरते, कारण ४५ किलोच्या गोणीत नत्र असते २०.७ किलो. गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून हे काम किरकोळ वाटते. पण उरलेली किंमत सरकार भरते; २०२२-२३ मध्ये खत अनुदान अडीच लाख कोटींच्या पुढे गेले होते. त्यात युरियाचा हात सैल सुटला की गाठीच कमी धरतात. फुकटचा गडी घरी बसवून विकतचा लावायचा, वर त्याला अनुदान!

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासतात. त्यात सेंद्रिय कर्ब आहे, पण कर्ब हे जिवाणूंचे खाद्य झाले. खाणारे किती उरलेत याला रकाना नाही. हमीभावासाठी उत्पादन खर्च काढतानाही गोणी तेवढी मोजली जाते.

‘जिवाणू खत वापरले, गुण आला नाही’ असे बरेच जण म्हणतात. बिचाऱ्या जिवाणूंचा त्यात दोष कमी. पाकिटे पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर तापतात, आणि बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, रायझोबियम सर्वांत शेवटी, हा क्रम सांगायला कोणी नसते.

गाठी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी वावरातली दहा झाडे मुळे न तुटता, मातीसकट काढावीत, गाठी मोजाव्यात आणि चिरून पाहाव्यात. आतून गुलाबी-लालसर निघाली तर नत्र बांधले जात आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नाही. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी ही नोंद पत्रिकेवर करून दिली, तर पुढच्या हंगामात युरियाला कुठे हात आखडायचा हे कळेल. कृषी विभागाने यंदा निदान लातूर, वाशिमसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यांत तरी हे सुरू करावे.

– एक सोयाबीन उत्पादक, औसा (जि. लातूर)