सूचना: सोमवारपासून गटावर बॉट

सर्व सभासदांना नमस्कार,

कर्जाच्या आणि घरबसल्या कमाईच्या जाहिराती फार वाढल्या आहेत. म्हणून येत्या सोमवारी रात्री ९ पासून आपल्या टेलिग्राम गटावर संदेश आपोआप तपासणारा बॉट (संगणकीय प्रोग्राम) लावत आहोत. त्यात काही साधे संदेशही अडकतील.

बॉट अर्थ पाहत नाही, अक्षरांचा क्रम जुळवतो. ‘लोन’ अडवले की ‘सलोनी’ हे नावही अडकते. १९९६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या अशाच गाळणीमुळे इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प शहराच्या रहिवाशांना खाते उघडता येत नव्हते, कारण शहराच्या इंग्रजी नावाच्या अक्षरांत एक शिवी येते. फक्त पूर्ण शब्द जुळवायचा म्हटले, तर ‘लोनसाठी’, ‘लोनचे’ सुटतात, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. त्यामुळे शब्दांची यादी मुद्दाम लहान ठेवली आहे. थोडी जाहिरात आली तरी चालेल, सभासदाचे म्हणणे पुसले जायला नको.

• पहिले १५ दिवस बॉट काहीही पुसणार नाही, संशयित संदेश फक्त ॲडमिनना कळवेल.
• त्यानंतर तुमचा संदेश पुसला गेला तर तोच पुन्हा पुन्हा पाठवू नका, बॉट त्याला स्पॅम धरतो. मजकूर ॲडमिनना थेट पाठवा, तपासून आम्ही गटावर टाकू.
• नव्या सभासदांनी पहिले २४ तास लिंक टाकू नये.

– ॲडमिन