प्रवेशद्वारावरची रेटारेटी आणि तुमच्या कंपनीचे मौन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: विमानात चढताना सहप्रवाशांनी केलेली रेटारेटी, ती थांबवण्यात तुमच्या कर्मचाऱ्यांनी केलेली कुचराई आणि त्याबाबत दूरध्वनीवर मिळालेले अपमानास्पद उत्तर

महोदय,

काल दुपारी तुमच्या मदत केंद्राच्या प्रतिनिधीने या प्रकरणातला माझा चौथा फोन अर्ध्यावर तोडला, म्हणून आता लेखी तक्रार करत आहे.

बोर्डिंग पासवर विमानात चढण्याचा क्रम ठरवणारा गट क्रमांक का छापतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या आईचे वय चौऱ्याहत्तर आहे, तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जेमतेम चार महिने झाले आहेत आणि तिच्यासाठी व्हीलचेअर मी तिकीट काढतानाच नोंदवली होती. मदतीची गरज असलेल्या प्रवाशांनी आधी पुढे यावे, अशी घोषणा तुमच्याच कर्मचाऱ्यांनी केली. परंतु तोवर पन्नास-साठ जण वाट अडवून उभे राहिले होते आणि घोषणेनंतर त्यांच्यातला एकही जण जागचा हलला नाही. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा दोनदा "जरा वाट द्या" म्हणाला; लोकांनी मागे पाहिले आणि पुन्हा माना पुढे वळवल्या. आमच्या शेजारी कानात हेडफोन घातलेले एक गृहस्थ उभे होते. रांग सरकताच त्यांनी चाकांची बॅग झटक्यात ओढली आणि तिचे चाक आईच्या चपलेबाहेर आलेल्या अंगठ्यावरून गेले. आई कळवळली. गृहस्थांनी वळून पाहिले, बॅग जवळ घेतली आणि फोनमध्ये डोके घातले. क्षमेचा एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. दुसऱ्या दिवशी तो अंगठा काळानिळा पडला होता.

त्या गृहस्थांचा उद्दामपणा त्यांच्यापाशी. माझी तक्रार तुमच्याविरुद्ध आहे. कारण त्यांच्या पासवर पाचवा गट छापलेला मी स्वतः पाहिला, पहिल्या गटाची घोषणा चालू होती आणि तरीही प्रवेशद्वारावरच्या कर्मचारी बाईंनी तो पास यंत्राखाली धरून त्यांना आत सोडले. मी हरकत घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, शेवटी सगळ्यांना एकाच विमानात जायचे आहे." मग गट पाडता कशाला?

आम्ही आत पोहोचेपर्यंत आसनांवरचे सामानाचे कप्पे भरून गेले होते. एकेकाने दोन-दोन बॅगा आणि वर खरेदीच्या पिशव्या आडव्या कोंबल्या होत्या. माझी मापात बसणारी एकुलती एक बॅग ठेवायला जागा उरली नव्हती. मी आईला आसनावर बसवत असताना ती बॅग खाली मालकक्षात पाठवण्यात आली. तिच्यात आईची इन्सुलिनची पेने होती, जी गोठल्यास निकामी होतात. तिच्यात पॉवर बँकही होती. सुटी लिथियम बॅटरी मालकक्षात जाऊ द्यायची नाही, हा तुमच्याच उद्योगाचा आगीच्या धोक्यापायी केलेला नियम आहे, तरी बॅगेत काय आहे, हे मला कोणी विचारले नाही. मी धावत दाराशी गेले तेव्हा दार लागत होते. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी पुन्हा तोच प्रकार झाला: पिवळी रेघ ओलांडून लोकांनी ट्रॉल्या थेट पट्ट्याला भिडवल्या होत्या आणि माझी बॅग माझ्या डोळ्यांसमोरून दोन फेऱ्या फिरून गेली, तरी मला तिच्यापर्यंत पोहोचता आले नाही.

आता कालच्या संभाषणाविषयी. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सहप्रवाशांच्या वागणुकीला कंपनी जबाबदार नाही." मी विचारले, गट क्रमांक कोण छापते? "कंपनी." तो तपासायचा कोणी? "आमच्या कर्मचाऱ्यांनी." आणि त्यांनी तपासला नाही तर? त्यावर बराच वेळ फक्त कळफलकाचा आवाज येत राहिला. मग ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही थोडे आधी उठून पुढे उभ्या राहिला असता, तर ही अडचण आली नसती." माझी आई व्हीलचेअरवर होती, हे मी चौथ्यांदा सांगितले. "मग त्यांना तिथेच ठेवून तुम्ही आधी आत जाऊन बॅग ठेवायची होती." चार महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या आईला त्या गर्दीत एकटी सोडून मीही इतरांसारखी आत घुसायला हवी होती, असा सल्ला तुमच्या कंपनीने मला दिला आहे. मी वरिष्ठांशी बोलायचे आहे, असे म्हणताच फोन तुटला आणि पाच मिनिटांत सेवेला पाचपैकी गुण देण्याची विनंती करणारा संदेश आला. तो संदेश वाचून आलेला संताप अजूनही निवळलेला नाही.

हे आपल्या हातात नाही, असे कृपया लिहू नका. अमेरिकन एअरलाइन्सने २०२४ मध्ये प्रवेशद्वारांवर अशी यंत्रणा बसवायला सुरुवात केली, जी गटाची पाळी येण्याआधी पास दाखवला की आवाज करून कर्मचाऱ्याला सावध करते. विमानात बेशिस्त वागणाऱ्या प्रवाशाविरुद्ध कारवाईचे अधिकार १९६३ च्या टोकियो कराराने वैमानिकाला दिलेले आहेत आणि त्या करारातल्या उणिवा भरून काढणारा २०१४ चा माँट्रियल प्रोटोकॉल २०२० पासून लागू आहे. रांग मोडणे हा काही त्या कलमांत बसणारा गुन्हा नव्हे, हे मला कळते. परंतु ज्यांना दारात कोणी अडवले नाही, तेच लोक विमान धावपट्टीवर टेकताच सीटबेल्टची सूचना धुडकावून उभे राहिले आणि कप्पे उघडू लागले. विमानाला मान्यता देताना निम्मीच दारे वापरून सर्वांना ९० सेकंदांत बाहेर काढता येते, हे सिद्ध करावे लागते. २ जानेवारी २०२४ रोजी हानेदा विमानतळावर टकरीनंतर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले, त्यामागे कर्मचाऱ्यांची आज्ञा ऐकून सामान जागेवर सोडण्याची शिस्त होती. आमच्या विमानात तशी वेळ आली असती, तर त्या बॅगांपायी माझ्या आईला दारापर्यंतही पोहोचता आले नसते.

गेली नऊ वर्षे मी तुमच्याच विमानाने प्रवास करते, आईला पहिल्यांदा आकाशात नेले तेही तुमच्याच विमानातून. त्यामुळे हे लिहिताना मनाला फार लागते.

त्या उड्डाणाच्या वेळी प्रवेशद्वारावर गट का तपासले नाहीत, इन्सुलिन आणि पॉवर बँक असलेली बॅग न विचारता खाली का पाठवली आणि आईला मागे सोडून पुढे घुसण्याचा सल्ला हे तुमचे अधिकृत धोरण आहे का, या तिन्हींचा लेखी खुलासा मला पंधरा दिवसांत मिळावा. आईची क्षमा तिच्या नावाने, स्वतंत्र पत्राने मागावी. तसे न झाल्यास बोर्डिंग पास, अंगठ्याचे छायाचित्र आणि चारही फोनच्या नोंदी घेऊन मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जाईन. परतीचे तिकीट मी आजच रद्द केले आहे.

आपली,
एक प्रवासी