दुसरा चहा एक हजार दहा रुपयांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कराडला माझा संगणकाचा छोटा क्लास आहे. परवा माझी एक विद्यार्थिनी प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेहून तोंड पाडून आली. जावास्क्रिप्ट ही वेबपेजकडून कामं करून घेणारी भाषा; तिच्यात ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि कामं एकत्र ठेवणारी वस्तू, मेथड म्हणजे त्यातलं एक काम आणि ‘धिस’ म्हणजे त्या कामातलं ‘मी’. मेथडमधला हा ‘धिस’ नेमका कोण, असं विचारलं होतं. ती म्हणाली, ‘मेथड कशी कॉल केली त्यावर ठरतं.’ परीक्षकांनी दुरुस्ती केली, ‘ज्या ऑब्जेक्टात मेथड लिहिली तो ऑब्जेक्ट.’ दोन गुण गेले. बरोबर तीच होती, म्हणून हे पत्र.

तिनं हे पाठ केलं नव्हतं. तिच्या वडिलांची चहाची गाडी आहे. त्यांच्यासाठी तिनं वेबपेज बनवलं: ‘बिल’ नावाचा ऑब्जेक्ट, त्यात व्हॅल्यू शून्य, आणि ‘वाढव’ ही मेथड, जी धिस-डॉट-व्हॅल्यूत १० मिळवून आकडा दाखवते. बटण दाबल्यावर काय चालवायचं ते ब्राउझरला सांगतं ॲडइव्हेंटलिसनर; बिल-डॉट-वाढव तिनं त्याला दिलं. बटण दाबलं, १० आले. मीही ‘शाब्बास’ म्हणून मोकळा झालो. दुसऱ्यांदा दाबलं, १०१०. तिसऱ्यांदा १०१०१०. एरर मात्र एकही नाही.

झालं असं, की बिल-डॉट-वाढव असं कंसाशिवाय, म्हणजे न चालवता, दिलं की ब्राउझरच्या हाती नुसतं फंक्शन (कामाची कृती) पडतं, बिल मागेच राहतं. क्लिक झाल्यावर ते फंक्शन चालतं तेव्हा धिस असतं बटण. आणि बटणालाही स्वतःची व्हॅल्यू असते, रिकाम्या मजकुराची! तिला १० जोडले की ‘१०’ हा मजकूर, त्याला पुन्हा १० चिकटवले की ‘१०१०’. खरं बिल शून्यावरच. प्रॉपर्टीचं नाव ‘एकूण’ ठेवलं असतं तर पहिल्याच क्लिकला ‘एनएएन’ (‘हा आकडा नाही’) दिसून चोरी उघडी पडली असती. पोराला ‘माझ्या खात्यावर मांडायला सांग’ म्हणून वाण्याकडे धाडावं आणि त्यानं तिथं ‘माझ्या खात्यावर मांडा’ म्हणावं, तशातली गत.

उपाय जुनेच आहेत. फंक्शनला धिस पक्कं बांधून देणारं बाइंड २००९ च्या ईएस५ (जावास्क्रिप्टची पाचवी आवृत्ती) पासून आहे; ॲरो फंक्शन, ज्यात बिल-डॉट-वाढव कंसासकट लिहून देता येतं, २०१५ पासून. बाइंड दर वेळी नवं फंक्शन देतं, त्यामुळे पुढे रिमूव्हइव्हेंटलिसनर करायचं (दिलेलं फंक्शन काढून घ्यायचं) असेल तर ते जपून ठेवावं लागतं (इथे मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे). मला आवडतो तिसरा मार्ग. ऑब्जेक्टात ‘हँडलइव्हेंट’ नावाची मेथड ठेवायची आणि लिसनर म्हणून मेथड न देता अख्खा ऑब्जेक्टच द्यायचा. मग धिस म्हणजे तोच ऑब्जेक्ट. हे नाव २००० सालच्या ‘डॉम लेव्हल २’ या वेबपेजच्या मानकातलं आहे.

परीक्षेच्या नोट्समध्ये मात्र अजून बटणाच्या टॅगमध्येच ऑनक्लिक लिहायला शिकवतात. तिथे बिल-डॉट-वाढव कंसासकट लिहायचं असल्यानं धिस बरोबरच येतं. नोट्स काढणाऱ्यांना ही चूक कधी भेटलीच नसावी, ती यामुळे.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी हे चहाचं बटण एकदा स्वतः दोनदा दाबून पाहावं आणि ‘ज्या ऑब्जेक्टात मेथड लिहिली’ ही उत्तराची ओळ बदलावी, एवढंच मागणं. दोन गुण परत द्या, असं मी म्हणत नाही. ती म्हणते.

आपला,
एक संगणक शिक्षक, कराड