काकू, तुमचा बिडाचा तवा अजून माझ्याकडेच आहे

ती. काकूंस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितोय. दोन महिने आमच्या स्वयंपाकघराच्या दारात बसून तुम्ही मला जे फैलावर घेतलंत, ते मजल्यावरच्या चारही घरांनी ऐकलंय. मग आभारही त्यांच्या कानावर जाऊ देत.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, बायको नागपूरला गेली आणि डोंबिवलीत उरलो मी आणि नऊ वर्षांची लेक. पहिले चार दिवस सकाळी सातला तुमच्याकडून झाकलेली ताटली यायची. ताटली रिकामी परत करू नये एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी तिच्यात चार बिस्किटं ठेवून पाठवायचो. (कसली लाज वाटायची!) पाचव्या दिवशी ताटली आली नाही, तुम्ही आलात. हातात बिडाचा तवा, पदराखाली तांदळाची पिठी. "आता तू कर," म्हणालात आणि स्टूल ओढून दारात बसलात.

माझं पहिलं घावन आठवतं? "मेल्या, ह्यां घावन नाय, गोधडी आसा!" पीठ मी भज्यांना भिजवतात तसं घट्ट भिजवलं होतं. वाटीभर पिठीला जवळजवळ दोन वाट्या पाणी, ताकासारखं पातळ, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. पिठी तळाशी बसते, म्हणून दर घावनाला ढवळायचं. वांग्याच्या देठाने तेल फिरवायचं, बिड चांगलं तापलं की कडेकडेने आत ओतत यायचं, आणि डावाने पसरायचं नाही. माझा हात सारखा पसरायला जायचा. तुम्ही तिथून ओरडायचात, पण उलथन्याला एकदाही हात लावला नाहीत. ओतल्याबरोबर चर्र आवाज होऊन जाळी पडली, तो आमचा नववा दिवस. लेकीने टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "मीठ कमी आसा."

त्यातही गोडाचा हट्ट लेकीचा. नारळाच्या दाट रसात गूळ, वेलची, चिमटीभर मीठ, आणि रस गॅसवर चढवायचा नाही, नाहीतर फुटतो. मी चढवला होता. तुम्ही मुकाट्याने दुसरा नारळ फोडलात. आता रविवारी लेक घावनाची चौघडी रसात बुडवून खाते, मी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर आंबोळी.

पोह्यांचं फार सांगत नाही. पातळ पोहे पातेल्यात भिजवणारा माणूस तुम्ही जन्मात पाहिला नव्हता. आता जाड पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवतो आणि मीठ, साखर तिथेच लावून घेतो. थालीपीठ ओल्या फडक्यावर थापून तव्यावर न फाटता उतरवतो, मधल्या भोकात तेल सोडतो. भाजणी अजून विकतचीच आहे, रागावू नका.

बायको परतली तेव्हा बॅग ठेवायच्या आधी तिच्यापुढे थालीपीठ आणि लोण्याचा गोळा ठेवला. तिला वाटलं, तुम्हीच पाठवलंय. लेकीने साक्ष दिली तेव्हा कुठे पटलं. तेव्हापासून सकाळचा ओटा माझा, आणि तिला आता सातची लोकल धावत पकडावी लागत नाही.

काकू, ताटल्या पाठवत राहणं तुम्हाला सोपं होतं. माझी गोधडी बघत रोज तासभर त्या स्टुलावर बसणं, तेही तुमच्या दुखऱ्या कमरेने, हे मला तेव्हा कळलं नाही. तुम्ही कुडाळला कायमच्या निघालात त्या दिवशीही मी नुसतं "येत जा" म्हणालो. त्या घाईत बिड इथेच राहिलं.

रसात बुडवून खायची ती जाड खापरोळी मात्र अजून जमत नाही. जाळी पडते, हळदीचा रंगही येतो, पण तळ धरते. गणपतीला येतोय. चुलीवर तुमच्यासमोर घालून दाखवतो, तोवर बिड मागू नका.

तुमचा,
समोरच्या दारातला